आईचं चर्च वेगळं, भावाचं वेगळं, लेकीचं तिसरंच... तुमच्याकडे पण असंच आहे का?

भायखळा_टू_बदलापूर
मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये हल्ली एकेका घरात तीन तीन चर्चं झालीत. इथे ख्रिस्ती मेंबर किती आहेत कल्पना नाही पण नाताळाच्या फराळाच्या धाग्यावर चार पाच जण दिसले होते म्हणून धागा काढतेय, बाकीच्यांनी पण लिहा कारण हे प्रकरण धर्माचं कमी आणि घराचंच जास्त आहे.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आजोबा नोकरीसाठी मुंबईत आले आणि भायखळ्याच्या बाजूला चाळीत राहिले. चर्च चालत दहा मिनिटांवर. बाप्तिस्मा, संडे स्कूल, दृढीकरण (म्हणजे वयात आल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी), लग्न सगळं तिथेच. मग चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालं, भाऊ नालासोपाऱ्याला गेला, मी बदलापूरला, आणि बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. आता आईला दर रविवारी 'आपल्याच' चर्चला जायचं असतं, म्हणजे बदलापूर ते भायखळा, त्यात रविवारचं टाईमटेबल आणि वरून मेगाब्लॉक. गुडघे दुखतायत, जिने चढवत नाहीत, तरी पावसाळ्यातसुद्धा सातच्या आत पर्स घेऊन तयार.

भाऊ तिकडे एका फेलोशिपला, म्हणजे छोट्या स्वतंत्र चर्चला, जातो, शाळेचा हॉल भाड्याने घेतात, हिंदीत असतं, ड्रम गिटार सगळं. आई त्याला टाळ्यांचं चर्च म्हणते. माझी मुलगी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर ठाण्याला इंग्लिश सर्व्हिसला जाते, तिथे प्रोजेक्टरवर गाणी आणि नंतर कॉफी. मिस्टर म्हणतात मी घरी बसून बायबल वाचतो, म्हणजे झोपतात.

भांडण असं नाही. पण परवा आई म्हणाली की मी गेल्यावर मला कुठल्या चर्चमधून नेणार ते आत्ताच ठरवा, आणि तेव्हापासून डोक्यात किडा आहे. तिचं मेंबरशिप इकडे बदलून घ्यावं का? बदलापूरला पण मराठी उपासना होते, रिक्षाने पंधरा मिनिटं. ती ऐकायलाच तयार नाही.

पेटीवाला
ताई, सलाम. घरोघरी हेच. मी ठाण्यातल्या एका मराठी चर्चमध्ये पेटी वाजवतो. जुलैच्या एखाद्या रविवारी या, पुढच्या तीन बाकांवर म्हाताऱ्या बायका, मागे दोन पंख्याखालचे पुरुष, बाकी लाकूड. आणि नाताळाला या, मांडव घालायला लागतो, डोंबिवली, विरार, पनवेल, कुठून कुठून मंडळी येतात आणि सगळे मेंबरच असतात. रजिस्टरात नाव आहे ना!

माझं दुखणं गाण्याचं आहे. नारायण वामन टिळकांची पदं ओवी अभंगाच्या चालीवर बसतात, तबला पेटी झांजा असल्या की म्हातारी माणसं डोळे मिटून गातात. तरुण पोरांना ती येतच नाहीत कारण घरात कोणी गात नाही. पोरं गिटार घेऊन येतात, मी म्हणतो वाजवा बाबांनो, पण ताल तरी धरा.

मुक्ता_मुलुंड
धागा आवडला. मी हिंदू आहे, मूर्ख प्रश्न वाटला तर सोडून द्या. बदलापूरला मराठी चर्च आहे तर तिथे जायला मेंबरशिप कशाला लागते? आम्ही कुठल्याही देवळात जातो. आणि माझी कॅथलिक मैत्रीण मुलुंडला घर बदललं तर आपोआप जवळच्या चर्चची झाली, तिला काही बदलून घ्यावं लागल्याचं आठवत नाही.

गावठाणातला
मुक्ता, प्रश्न मूर्ख नाही, सगळी मेख तिथेच आहे. मी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिस्ती समाजातला, कुर्ल्याचा, कॅथलिक. आमच्यात धर्मग्राम म्हणजे पॅरिश ही एरियावर असते. तुम्ही जिथे राहता ती तुमची पॅरिश, शिफ्ट झालात की नवीन ठिकाणी फॅमिली कार्ड करून घ्यायचं, विषय संपला. शिवाय मुंबईत एससीसी असतात, म्हणजे आजूबाजूच्या बिल्डिंगमधल्या घरांचे छोटे गट, महिन्यातून कोणाच्या तरी घरी प्रार्थना आणि मग चहा समोसे. आवडो न आवडो शेजारचा डिमेलो तुमच्या गटात. प्रोटेस्टंट लोकांचं घराण्यावर चालतं. आजोबा ज्या चर्चचे त्याच चर्चचे तुम्ही, मग राहायला कर्जतला का असेना.

आता आमचं पण सगळं आलबेल आहे असं नाही हां. माझी आजी लॅटिन मिस्साच्या (मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली उपासना) काळातली, फादर पाठ करून उभे राहायचे आणि ती माळ जपत बसायची. दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५ आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले. आजीला हे बरीच वर्षं पटलं नाही, म्हणायची आता सगळं कळतं त्यामुळे लक्ष लागत नाही. हसू नका, तिला खरंच तसं वाटायचं.

आणि लोकांची भाषा म्हणजे मुंबईत कुठली ते पण बघा. आम्ही घरात मराठी बोलतो, आमची बोली, लग्नात उंबराचं पाणी आणायला जाताना बायका गाणी म्हणतात ती पण मराठी, पण चर्चमध्ये इंग्लिशच जास्त. मराठी मिस्सा असते एक, बहुतेक अडनिड्या टायमाला.

वसईकर_सामवेदी
@गावठाणातला म्हणून तर आम्ही वसईवाले कॉलर ताठ करतो. आमच्याकडे मराठी मिस्सा ही मेन मिस्सा असते. १९९८ ला मुंबई धर्मप्रांतातून (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा भाग) वेगळा वसई धर्मप्रांत झाला. फादर दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा गावात पेढे वाटले होते. पण खरं सांगू का, आता आमची पोरं इंग्लिश मिडियमला जातात, घरी आईबापांशी कादोडी, म्हणजे आमची सामवेदी बोली, आपापसात इंग्लिश. अजून वीस वर्षांनी कॉलर कुठे असेल बघू.

फक्त_विश्वासी
प्रेज द लॉर्ड. टाळ्यांचं चर्च वाचून हसायला आलं, माझ्या सासूबाई पण हेच म्हणायच्या. मी अशाच फेलोशिपला जाते, मीरा रोड साईडला. आधी तुमच्यासारख्याच जुन्या मराठी चर्चमध्ये होते, नाव सांगत नाही. का सोडलं ते लिहिते, कोणाला दुखवायचं नाही.

मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा आमच्या चर्चमधून कोणी फिरकलं नाही. वर्गणी थकली होती त्याची नोटीस मात्र बोर्डावर नावासकट. आणि शेजारच्या बाईने एकदा फेलोशिपला नेलं तर पुढच्या बुधवारी चार जणं घरी आली, गुडघे टेकून प्रार्थना केली, जाताना एकीने हळूच तांदळाची पिशवी ठेवली. आता मला सांगा मी सिद्धांत बघत बसू का? माणूस जिथे जवळ घेतात तिथे जातो.

आणि टाळ्या वाजवणं, रडणं, मोठ्याने प्रार्थना करणं हे अमेरिकेतून टीव्हीवरून आलं असं जुनी मंडळी म्हणतात ना, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा १९०५ चा इतिहास वाचावा. तिथे मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेली, न कळणारी भाषा बोलत होत्या. मराठी मुली, टीव्ही नसताना.

पेटीवाला
@फक्त_विश्वासी मुद्दा मान्य, केडगावचा तर शंभर टक्के मान्य. नोटीस बोर्डावर नाव लावायची पद्धत आमच्याकडे पण आहे, मी कमिटीत असताना दोनदा विरोध केला, काही झालं नाही. पण एक विचारतो, राग मानू नका ताई. तुमच्या फेलोशिपचे पास्टर उद्या गावाला निघून गेले तर काय? जुन्या चर्चला बिशप आहे, ट्रस्ट आहे, कमिटी आहे, भांडणं आहेत, कोर्टात केसेस आहेत (आहेत हो, लपवण्यासारखं काय त्यात), पण पास्टर बदलला तरी चर्च राहतं.

फक्त_विश्वासी
राग नाही काका. गेलेच होते. पहिले पास्टर वेगळे झाले, अर्धी माणसं त्यांच्याबरोबर गेली, हॉल बदलला. सहा महिने खूप त्रास झाला, मैत्रिणी तुटल्या. म्हणजे तुम्ही म्हणताय तसं होतं, मी नाकारत नाही. तरीसुद्धा परत गेले नाही कारण तांदळाची पिशवी ठेवणारी इकडेच राहिली.

बिनकामाचा
मूळ मुद्दा सगळे टाळतायत. धर्मांतर कधी झालं आणि कशासाठी यावर बोला की.

भायखळा_टू_बदलापूर
पणजोबांच्या आधीच्या पिढीत झालं, विचारायला आता कोणी उरलं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, येईन वाचायला. इथे रविवारच्या लोकलचा विषय चालू आहे.

बाकी सगळ्यांना धन्यवाद, @गावठाणातला यांनी एरिया आणि घराणं हे लिहिलं ते वाचून मला आईचं वागणं जरा उलगडलं. तिच्या दृष्टीने तिथलं मेंबरशिप सोडणं म्हणजे माहेर सोडण्यासारखं, आणि ते तिने एकदा केलंय लग्नात, पुण्याचं चर्च सोडून आली होती. दुसऱ्यांदा नाही म्हणते. दृढीकरणाचा फोटो, बाबांच्या नावाने दिलेलं बाक, बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, सगळं तिथे.

नगरची_सून
मी घाटकोपरची, लग्नाने नगरची. एक गंमत सांगते. आमचे सासरे नेहमी म्हणायचे आपण आपलं चर्च कधी बदललं नाही, तीन पिढ्या. मी एकदा जुनी सर्टिफिकिटं लावत होते फाईलला, तर आजेसासऱ्यांचं अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चचं, सासऱ्यांचं त्याच इमारतीत पण नाव युनायटेड चर्च, आणि माझ्या नवऱ्याचं परत त्याच इमारतीत सीएनआय! २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चेस एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरे सगळे एकात. मेथॉडिस्टांमधले अमेरिकन मिशनवाले (हे अमेरिकन मराठी मिशनपेक्षा वेगळे) ऐन वेळी बाहेर राहिले म्हणून मुंबईत अजून मराठी मेथॉडिस्ट चर्च वेगळी दिसतात. म्हणजे माणसं बाकावरून हलली नाहीत आणि चर्च मात्र खालच्या खाली बदललं. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले बाक तोच आहे ना.

आणि पेटीवाले काका, तुमचे लाडके टिळक पण शेवटी १९१७ ला मिशन सोडून बाहेर पडलेच की, देवाचा दरबार नावाची स्वतःची मंडळी काढली. मिशनऱ्यांचं चर्च आपल्या माणसांना आपलं वाटत नाही म्हणून. त्यांना त्या काळी कोणीतरी टाळ्यांचं चर्च म्हणालंच असणार.

पेटीवाला
पकडलंत. टिळकांवर माझी बोलती बंद. फक्त एवढं म्हणेन की ते दरबारात जाताना पेटी आणि झांजा घेऊन गेले, ड्रमसेट नाही.

मुक्ता_मुलुंड
हे सगळं वाचून मला आमच्या घरचं आठवलं. आजी विठ्ठलाची, घरात माळ, आषाढी एकादशी. आई बैठकीला जायला लागली, मग देवघरातल्या गोष्टी बदलल्या, काकू दुसऱ्याच महाराजांची. दिवाळीला तिघी एकत्र फराळ करतात पण करंज्या भरताना विषय निघाला की वातावरण टाईट. आमच्याकडे त्याला चर्च बदललं असं कोणी म्हणत नाही एवढंच.

लग्नाचं काय करता पण? म्हणजे मुलीने उद्या ठाण्याच्या इंग्लिश चर्चमध्ये लग्न करायचं म्हटलं तर?

नगरची_सून
लग्नाचं सांगते, दिराच्या मुलाच्या वेळी सगळं झालंय. ख्रिस्ती लग्नाचा कायदा १८७२ चा आहे, अजून तोच चालतो. त्यात लग्न कोण लावू शकतं ते ठरलेलं आहे, मान्यताप्राप्त चर्चचे धर्मगुरू किंवा सरकारकडून लायसन मिळालेले पास्टर. मोठ्या चर्चमध्ये प्रश्न नसतो. छोट्या फेलोशिपच्या पास्टरकडे लायसन असेलच असं नाही, ते आधी विचारून घ्यायचं आणि कागद डोळ्यांनी बघायचा, लाजायचं नाही. नाहीतर रजिस्टरला नोंद होत नाही आणि पासपोर्टच्या वेळी बोंब. दिराचा मुलगा पाच वर्षं जुन्या चर्चच्या पायरीवर चढला नव्हता, पण लग्नाला तिथेच आला, तीन रविवार घोषणा झाल्या, थकलेली वर्गणी एकरकमी भरली, सासूबाईंना आनंदाने रडू. दुसऱ्या रविवारपासून परत फेलोशिप.

गावठाणातला
लग्न आणि माती, या दोन वेळी सगळे घरी येतात. ताईंच्या आईचा प्रश्न खरा मातीचाच आहे आणि त्यावर कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

शिवडीचं ख्रिस्ती कब्रस्तान १८६५ पासूनचं, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झालेलं, लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा तिथेच आहेत. जागा मुंबईत कुठे आहे सांगा? जुन्या कौटुंबिक कबरीत ठराविक वर्षांनी घरातलंच दुसरं माणूस ठेवतात, आधीच्यांच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात. ज्यांची फॅमिली ग्रेव्ह आहे ते त्यातल्या त्यात बरे. त्यामुळे ताई, तुमचे बाबा कुठे आहेत आणि ती कबर कोणाच्या नावावर आहे हे आधी बघा. आई मेंबरशिप धरून बसलीय ती बाकासाठी नसेल, बाबांच्या शेजारच्या जागेसाठी असेल. माझी आई पण अशीच आडून आडून बोलायची.

भायखळा_टू_बदलापूर
वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. बाबा शिवडीलाच आहेत. कबर आजोबांच्या नावावर आहे, पावती कुठेतरी ट्रंकेत असेल.

आत्ता आईला सरळ विचारलं. भाजी निवडत होती. म्हणाली एवढं शिकलीस आणि तुला हे आत्ता कळलं होय. मग तासभर बोलत बसलो. म्हणाली इकडच्या चर्चची तिला काही अडचण नाही, कोविडच्या वेळी तर टीव्हीला मोबाईल जोडून उपासना ऐकलीच होती की, पदर डोक्यावर घेऊन सोफ्यासमोर उभी राहायची. मार्च २०२० मध्ये बंद झालेली चर्चं त्या वर्षी १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली तोवर देव घरातच होता, तेव्हा काही बिघडलं नाही. पण इकडे नाव घातलं की तिकडचं कटतं आणि मग तिकडचे पास्टर मातीला येतील का, कबरीचं पत्र देतील का, ही तिची भीती. हे मला इतक्या दिवसांत एकदाही बोलली नाही, नुसती पर्स घेऊन तयार व्हायची.

फक्त_विश्वासी
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. एक सुचवू का, भाऊ फेलोशिपचा असला तरी त्याला या बोलण्यात घ्या. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळी नेमकं हेच झालं, माझे पास्टर आणि जुन्या चर्चचे पाळक दोघं आले, आणि कोणी आधी प्रार्थना करायची यावरून शवपेटीशेजारी कुजबुज. शेवटी माझ्या नणंदेने सांगितलं दोघंही करा पण पाच पाच मिनिटं. आधी ठरलेलं असलं की बरं पडतं.

पेटीवाला
पाच पाच मिनिटं हा नियम सगळ्या बिशपांनी सर्क्युलर काढून लागू करावा. निदान सिनियर पाळकांना तरी.

ताई, प्रॅक्टिकल सांगतो. मेंबरशिप तिकडेच राहू द्या, वर्गणी वेळेवर भरा, हल्ली ऑनलाईन घेतात बऱ्याच ठिकाणी, आणि पावती जपून ठेवा. बदलापूरच्या पाळकांना भेटून खरं ते सांगा, आई पाहुणी म्हणून येईल. कोणी नाही म्हणत नाही, उलट पुढच्या बाकावर एक म्हातारी वाढली म्हणून खूश होतील. महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) दिवशी भायखळा, बाकीचे रविवार रिक्षा. आणि कबरीची पावती ट्रंकेतून काढून लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढा, लॅमिनेशनने जुनी शाई उडते.

भायखळा_टू_बदलापूर
काका, आई पहिल्या रविवारला तयार झाली, पण अट घातलीय की भावाने नालासोपाऱ्याहून त्या दिवशी भायखळ्याला यायचं. त्याला फोन केला तर म्हणतो आमची सर्व्हिस पण त्याच वेळी असते, बघतो. वहिनी मागून म्हणाली येतील येतील. लेकीला विचारलं तर तिची अट वेगळीच, आजीने एकदा ठाण्याला यायचं. आजी म्हणाली कॉफी देतात ना, येईन की.

पावती सापडली. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. हे दुरुस्त करून घ्यायला चर्चचं पत्र लागतं की कब्रस्तानाच्या ऑफिसात अॅफिडेव्हिट चालतं, कोणी केलंय का?

गावठाणातला
आधी चर्चच्या दफनाच्या रजिस्टरचा उतारा काढा, तो असला की पुढचं सोपं. ऑफिसात मात्र वीकडेला सकाळीच जा आणि झेरॉक्सचे दोन सेट न्या.